न खर्चलेली नोट

जुनी नोट डीलरच्या काचेच्या काउंटरवर ठेवली, की तो आधी साल बघत नाही. नोट दोन्ही हातांच्या बोटांत कडेने हलकेच धरतो, ट्यूबलाइटच्या दिशेने तिरकी करतो आणि तिच्यावरून उजेड सरकू देतो. कुठे घडी पडली असेल तर उजेड तिथे अडखळतो, एक बारीक रेघ चमकून जाते. मग नोट पालथी करून पुन्हा तेच. मग दिव्यासमोर उभी धरून भोकं बघायची. शेवटी कोपरा अंगठ्याने जरासा वाकवून सोडायचा आणि कागद कसा परततो ते पाहायचं. एवढ्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. समोरच्या ताई तोवर सांगत असतात, "आमच्या आजेसासऱ्यांच्या पेटीत होत्या, खूप जुन्या आहेत." डीलर मान हलवतो आणि विचारतो, "ताई, घरी कशात ठेवल्या होत्या?"

निम्मा भाव या प्रश्नाच्या उत्तरात असतो.

मी बरीच वर्षं कागदी नोटा जमवतो आहे. विकल्या क्वचितच, पण डीलरांच्या काउंटरपाशी आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतल्या टेबलांपाशी बसून विकायला आलेली माणसं पुष्कळ पाहिली. बहुतेक जण दोनपैकी एक समजूत घेऊन येतात. आपल्याकडे लाखांचा ऐवज आहे, ही एक. ही नुसती रद्दी आहे, मिळेल ते घेऊन मोकळं व्हावं, ही दुसरी. पहिलीने माणूस हिरमुसला होऊन परत जातो. दुसरीने पैसे बुडतात, आणि कधी कधी एखादी मोलाची नोट दहा हलक्या नोटांच्या गठ्ठ्यात निघून जाते. हे दुसरं नुकसान मी स्वतः सोसलं आहे. ते पुढे सांगतोच.

आधी वयाबद्दल. जुनी म्हणजे महाग, हा हिशेब नोटांना लागू पडत नाही. नोट छापतात ती फिरण्यासाठी. ती हातोहात मळते, फाटते, बँकेत परत जाते आणि रिझर्व्ह बँक तिचा निकाल लावते. म्हणून किती वर्षं झाली यापेक्षा किती उरल्या आणि कशा उरल्या, हे महत्त्वाचं. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट घ्या. 'ही नोट असेल तर घरबसल्या लाखो रुपये मिळवा' असे निरोप मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. ती नोट प्रचंड संख्येने छापली गेली, घरोघरी पडून आहे, आजही कायदेशीर चलन आहे, आणि वापरून मळलेल्या अवस्थेत तिची किंमत पाच रुपयेच आहे. त्या निरोपातल्या नंबरवर फोन केला, की पलीकडचा माणूस भाव कबूल करतो आणि नोंदणीचे, कराचे, कमिशनचे पैसे आधी भरायला सांगतो. पेन्शनीतली माणसं यात हजारो रुपये घालवून बसली आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक नाही, तिने कुणाला तसा अधिकार दिलेला नाही आणि ती कुणाकडे शुल्क किंवा कमिशन मागत नाही. माझ्याकडे कुणी विचारायला आलं, की मी एकच खूण सांगतो. खरा खरेदीदार पैसे देतो. जो विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागतो, त्याचा फोन तिथल्या तिथे बंद करावा.

मग दुर्मीळ नोटा कुठल्या? याचं उत्तर आपल्या चलनाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास मला नोटांच्या भावापेक्षा जास्त आवडतो.

भारतात कागदी चलन काढण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला तो १८६१च्या कायद्याने. त्याआधी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढत. व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या सरकारच्या पहिल्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या होत्या. त्यांच्या बनावट प्रती निघू लागल्या आणि १८६७पासून नव्या धर्तीच्या नोटा आल्या. त्या काळी देशाचे चलनाचे विभाग पाडलेले होते. मुंबई विभागाची नोट कलकत्त्यात हक्काने वटत नसे. ही अडचण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हळूहळू दूर होत गेली. टपालाने पैसे पाठवायचे तर व्यापारी नोट मधोमध कापत. अर्धी आज रवाना करायची, पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी पाठवायची, म्हणजे वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती निम्मा कागद. जुन्या पेढीच्या चोपडीत अशी अर्धी नोट सापडली तर फाटकी म्हणून केरात टाकू नका. तिच्यावरचा क्रमांक वाचा आणि दाखवायला न्या.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा चांदीच्या रुपयाच्या जागी ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची कागदी नोट आली. लोकांचा कागदावर विश्वास बसावा म्हणून तिच्यावर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचंच चित्र छापलेलं. ती पंचवीस नोटांच्या छोट्या पुस्तिकेत मिळे. आज आपण चेक फाडतो तशी फाडून द्यायची. त्यामुळे काही नोटांची डावी कड छिद्रांच्या रेषेवर फाटलेली, जराशी खडबडीत दिसते. घरच्या माणसाला ती खोट वाटते आणि तो कात्रीने कड सरळ करतो. असं कातरलेलं पाहिलं की जीव हळहळतो, कारण ती खडबडीत कड हाच तिच्या पुस्तिकेचा पुरावा असतो. याच काळात दोन रुपये आठ आण्यांचीही, म्हणजे अडीच रुपयांची नोट निघाली होती. तिचं आयुष्य थोडं. १९२६मध्ये ती गेली आणि पुन्हा कधी आली नाही. चांगल्या स्थितीतली अडीचकी आज मोठ्या संग्रहांतच दिसते.

लहान नोटा वापराने संपल्या, मोठ्या नोटा कायद्याने. हजाराच्या आणि दहा हजारांच्या नोटा जानेवारी १९४६मध्ये रद्द झाल्या. १९५४मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा पुन्हा आल्या. त्यांतल्या पाच हजारांच्या नोटेवर आपलं गेटवे ऑफ इंडिया होतं. जानेवारी १९७८मध्ये त्या पुन्हा रद्द झाल्या. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या बँकेत भरल्या. पाच हजार रुपये आठवण म्हणून कोण ठेवणार? म्हणूनच उरल्या त्या मोजक्या.

तशीच हज नोटांची गोष्ट. १९५९मध्ये हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. क्रमांकाआधी 'एच-ए' ही अक्षरं. आखाती देशांत चालण्यासाठी काढलेल्या नोटांना 'झेड' अक्षर होतं. या नोटा भारतात चालायच्या नव्हत्या, त्यामुळे सामान्य घरात उरायचं कारणच नव्हतं. अलीकडे लंडनच्या लिलावात शंभराच्या एका हज नोटेला पन्नास लाखांहून अधिक रुपये आले. ती बातमी आली आणि लोक साध्या शंभराच्या नोटा घेऊन डीलरांकडे येऊ लागले. हज नोटेचा रंग आणि अक्षरं घरीच पाहिली असती तर त्यांची फेरी वाचली असती.

मराठी घरांच्या पेट्यांत आणखी दोन प्रकार निघतात, ते ओळखता यायला हवेत. मराठवाड्यात निजामाच्या राज्याचं चलन, उस्मानिया सिक्का. हैदराबाद संस्थानाला १९१८मध्ये स्वतःच्या नोटा काढायची मुभा मिळाली होती. आणि गोव्यात पोर्तुगीज बँकेच्या, बांको नासियोनाल उल्त्रामारीनोच्या नोटा. आधी रुपयांत, मग १९५९पासून एस्कुदोंत. या दोन्हींचे खास संग्राहक आहेत. नुसता भारतीय नोटांचा व्यापार करणारा डीलर कधी कधी यांना कमी भाव देतो, कारण त्याच्याकडे गिऱ्हाईक नसतं. जाणकाराकडे जायला वेळ काढावा. नाशिकरोडच्या छापखान्याचीही अशी एक आठवण आहे. फाळणीनंतर १९४८मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' अशी अक्षरं उमटवून त्या पाकिस्तानात चालवल्या गेल्या, आणि त्या छापल्या होत्या आपल्या नाशिकला. दोन देशांतल्या संग्राहकांना हवी असलेली नोट म्हणजे भावाला दोन बाजूंनी जोर.

आता माझं नुकसान. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, १९६९मध्ये, रिझर्व्ह बँकेने खास नोटा काढल्या. चित्रात मागे सेवाग्रामची कुटी, पुढे बसलेले गांधीजी. दहा रुपयांच्या अशा पाच नोटा माझ्याकडे होत्या. कोऱ्या नव्हत्या, पण बऱ्या होत्या. पैशांची गरज होती, मी त्या एका डीलरकडे सरसकट विकल्या. पाच नोटा, पाचपट भाव. त्याने पैसे मोजून दिले आणि माझ्यासमोरच चार नोटा एका प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या, पाचवी वेगळ्या पाकिटात. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. काही महिन्यांनी एका लिलावाचा कॅटलॉग चाळताना उलगडा झाला. त्या मालिकेच्या बहुतेक नोटांवर गव्हर्नर लक्ष्मीकांत झा यांची सही आहे. झा गेले आणि नवे गव्हर्नर येईपर्यंत ४ मे ते १५ जून १९७०, जेमतेम सहा आठवडे, भास्कर नामदेव आडारकर त्या खुर्चीत होते. त्यांच्या सहीच्या नोटा त्याच मालिकेत आहेत, पण फार थोड्या. चित्र तेच, रंग तोच, कागद तोच. फरक फक्त सहीचा, आणि त्या फरकाला भाव कितीतरी पट. माझी पाचवी नोट आडारकरांची होती.

त्या डीलरने खोटं काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्याने सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण तो व्यापाराचा हात होता आणि मी पाचही नोटा नीट न वाचता त्या हातात दिल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक नोटेची सही वाचतो आणि विकायला आलेल्या प्रत्येकाला वाचायला लावतो.

सह्या वाचण्यात एक वेगळाच आनंदही आहे. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवाची असते, कारण ती नोट भारत सरकारची. अशोकस्तंभ असलेली स्वतंत्र भारताची पहिली नोट १९४९ची एक रुपयाची, तिच्यावर के. आर. के. मेनन यांची सही आहे. डॉ. मनमोहन सिंग यांची सही दोन्हींकडे सापडते, वित्त सचिव म्हणून एक रुपयावर आणि गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवर. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५ची, पण पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांनी एकाही नोटेवर सही केली नाही. बँकेच्या पहिल्या नोटा १९३८मध्ये निघाल्या, जेम्स टेलर यांच्या सहीने. त्यांच्यानंतर आले चिंतामणराव देशमुख, बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगडचे. त्यांच्या सहीच्या सहाव्या जॉर्जच्या नोटा युद्धकाळात भरपूर छापल्या गेल्या, त्यामुळे मळलेल्या फार महाग नाहीत. एखादी करकरीत असेल तर मात्र संग्राहक हात पुढे करतात. मराठी संग्राहक तर करतातच, आणि मला त्यात वावगं वाटत नाही.

सहीइतकंच अक्षरांकडे लक्ष हवं. प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत अनेकवचन कसं लिहायचं यावर वाद झाला होता. 'दो रुपया' की 'दो रुपये'? शेवटी 'रुपये' ठरलं. आधीच्या 'रुपया'वाल्या नोटा आता वेगळ्या जमवल्या जातात. क्रमांकाच्या पट्टीत मागे पुसट दिसणारं इंग्रजी अक्षर, म्हणजे इनसेट, तेही बघायचं. २००५पासून नोटेच्या मागे छपाईचं साल येऊ लागलं. २००६पासून दहा, वीस आणि पन्नासच्या काही नोटांच्या क्रमांकात तारा दिसू लागला. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली घातलेली ही नोट. तारा असला की लगेच सोनं होत नाही, पण अक्षर आणि सालाची एखादी जोडी कमी छापली गेली असेल तर थोडा जास्त भाव येतो.

आता ती तिरकी धरून पाहण्याची गोष्ट. बँकेतून निघाली तशी, एकही घडी न पडलेली नोट ती 'यूएनसी'. खाली उतरत गेलं की 'एयू', 'एक्सएफ', 'व्हीएफ', 'फाइन'. डीलर आपसात हीच अक्षरं बोलतात. एक मधली घडी पडली की नोट 'यूएनसी' उरत नाही, आणि दुर्मीळ नोटेत त्या एका घडीने भाव निम्म्यावर येऊ शकतो. भारतीय नोटांची मात्र एक सवलत आहे. आपल्या बँका नोटांच्या गड्ड्या जाड पिनांनी शिवत असत. २००१मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना गड्ड्यांना पिना मारणं थांबवायला सांगितलं. त्यामुळे त्याआधीच्या कोऱ्या नोटेलाही डावीकडे दोन भोकं असायचीच, आणि हे इथला प्रत्येक जाणकार समजून घेतो. परदेशी गिऱ्हाईक ती भोकं बघून नाक मुरडतो. काही लोक भोकं कागदाचा लगदा भरून बुजवतात. दिव्यासमोर धरलं की तिथला कागद वेगळा दिसतो. भोकं असलेल्या खऱ्या नोटेपेक्षा बुजवलेली नोट कमी किमतीची, हे बुजवणाऱ्याला कळलं असतं तर त्याने श्रम घेतले नसते.

आपल्या घरात नोटा खराब होतात त्या प्रेमाने. लक्ष्मीपूजनाला कोऱ्या नोटेला कुंकू लावतात. ते बोट कागदात उतरतं आणि जात नाही. काही नोटा पोथीत ठेवलेल्या असतात. पोथीचा कागद पिवळा पडतो तशी नोटेचीही कड तपकिरी होते. आहेरासाठी एक रुपयाच्या कोऱ्या नोटा वेगळ्या ठेवायची रीत आहे, एकशे एक, पाचशे एकमधला वरचा रुपया. एक रुपयाच्या नोटांची छपाई १९९४मध्ये थांबली आणि २०१५मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे मधल्या काळात ज्या घरांनी आहेरासाठी गड्डी जपली त्यांच्याकडे आज सरळ क्रमांकांच्या नोटा निघतात. अशी गड्डी फोडू नका. शंभर सुट्या नोटांपेक्षा बँकेच्या मूळ कागदी पट्टीतली अखंड गड्डी जास्त भाव खाते.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. नोटेला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि तपकिरी डाग सोडतो. आणि नोट धुऊन इस्त्री करू नका. नोटेचा कागद सुती तंतूंचा असतो. त्याला कडकपणा देणारी खळ पाण्याने निघून जाते, कागद जुन्या धोतरासारखा मऊ पडतो. इस्त्रीने छपाईचा बोटांना जाणवणारा उठाव दबून जातो. नोट लांबून छान दिसते, पण डीलरने कोपरा वाकवून सोडला की कागद परतत नाही. मग तो काही न बोलता नोट बाजूला ठेवतो. नोटा ठेवायच्या त्या पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटांत. स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांचा काही वर्षांनी चिकटपणा सुटतो आणि नोटेला लागतो.

महाग नोटेसाठी अमेरिकेतल्या पीएमजीसारख्या संस्थेकडून प्रत ठरवून घेतात. ती ७० गुणांच्या मापावर गुण देते, कागद मूळ स्थितीत असेल तर त्यापुढे 'ई-पी-क्यू' लिहिते आणि नोट बंद पाकिटात परत येते. मोठ्या लिलावांत अशा नोटांना चांगला उठाव असतो, कारण घेणाऱ्याचा वाद मिटतो. पण त्याला पैसे आणि बराच वेळ लागतो. हजार-दोन हजारांच्या नोटेसाठी तो खर्च परवडत नाही.

क्रमांकांचा बाजार वेगळाच. ७८६, ११११११ किंवा १२३४५६ अशी ओळीतली अंकांची रांग, कुणाची जन्मतारीख. याला इतिहासाचा आधार नाही, घेणाऱ्याच्या हौसेचा आहे. शेवटी ७८६ असलेली नोट दर हजारात एक निघतेच, त्यामुळे साध्या नोटेला थोडाफार जास्त भाव मिळतो, लाख मिळत नाहीत. इथे अंक खरवडून बदलण्याचे प्रकार होतात. भिंगाखाली अंकांची जाडी आणि ओळ सारखी आहे का पाहावं. दोन ठिकाणी क्रमांक असलेल्या नोटेवर तो दोन्हीकडे एकच आहे ना, हेही.

आता विकणं. डीलर कमी भाव सांगतो म्हणून लोक चिडतात. त्याचा हिशेब समजून घेतला की चीड कमी होते. समजा, एक नोट तो हजाराला विकू शकतो. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असेल, फोन केला की उद्या येणारं असेल, तर तो सातशे देईल. ती नोट वर्षभर पाकिटात पडून राहणार असेल तर चारशे. दुकानाचं भाडं, प्रदर्शनातलं टेबल, अडकलेला पैसा, बनावट निघण्याचा धोका, सगळं मधल्या फरकात असतं. पुस्तकातला भाव हा विकायचा भाव असतो, तोही उत्तम स्थितीतल्या नोटेचा. रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांचा २०१२चा भारतीय नोटांवरचा संदर्भग्रंथ ओळख पटवायला अजोड आहे. भावासाठी मात्र लिलावांचे ताजे निकाल बघावेत. मुंबई-बंगळुरूच्या लिलावघरांचे निकाल सर्वांना बघता येतात. अंदाजित किंमत वाचू नका, हातोडा पडला तो आकडा वाचा, आणि आपल्या नोटेच्याच स्थितीतल्या नोटेचा वाचा. एका निकालावर विसंबू नका. दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले की एखादा आकडा भलताच वर जातो.

काउंटरवर जाण्यापूर्वी घरी एक संध्याकाळ द्या. प्रत्येक नोटेची पुढची-मागची बाजू फोटोत घ्या. वहीत मूल्य, सही, क्रमांक, साल लिहा. बऱ्या नोटा वेगळ्या काढा. सगळ्या नोटा एका गठ्ठ्यात नेल्या तर सरसकट भाव येतो आणि सरसकट भावात सर्वांत चांगली नोट हलक्या नोटांच्या भावाने जाते. डीलर विचारेल, "काका, तुमची अपेक्षा काय?" अभ्यास झाला असेल तर आकडा सांगा, नसेल तर त्यालाच प्रत्येक नोटेचा वेगळा भाव सांगायला लावा. कुठल्या नोटेवर तो थांबतो ते पाहा. दोन-तीन ठिकाणी दाखवा आणि पहिल्या दिवशी विकू नका. 'ठेवून जा, पाहून सांगतो' म्हणाला तर क्रमांक लिहिलेली पावती घ्या. चांगला डीलर पावती मागितल्याने रागावत नाही. मी ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो ते दोघेही हलकी नोट हलकीच म्हणून परत देतात आणि भारी नोट आली की कारण सांगतात. लिलावात दिली तर भाव जास्त येऊ शकतो, पण कमिशन जातं, काही महिने जातात, आणि किमान किंमत आधी लिहून घेतली नाही तर नोट स्वस्तात जाण्याचाही धोका असतो.

कायद्याच्या दोन गोष्टी. नोव्हेंबर २०१६मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा जवळ ठेवण्यावर २०१७च्या कायद्याने मर्यादा आहे. सामान्य माणसाला दहापर्यंत, अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्तीचा गठ्ठा कुणी 'संग्रहासाठी' विकत देऊ केला तर घेऊ नका. आणि शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवायला १९७२च्या कायद्याने बंदी आहे. परदेशी गिऱ्हाइकाने चांगला भाव सांगितला तरी १९१७ची नोट पाकिटात घालून टपालात टाकण्यापूर्वी हे लक्षात असू द्या.

डोळा तयार करायचा तर खऱ्या नोटा पाहाव्या लागतात. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय २००४पासून आहे. तिथे एका चकरेत व्हिक्टोरियापासून आजपर्यंतचा प्रवास दिसतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पुण्याचा जुना बाजार शिकायला चांगला, विकायला नाही.

मागच्या वर्षी एका प्रदर्शनात एका टेबलावर गांधी शताब्दीच्या दहाच्या नोटा मांडलेल्या दिसल्या. मी एकेक उचलून सही वाचत गेलो. सातवी आडारकरांची होती. मधोमध घडी, एका कोपऱ्यावर कुंकवाचा पुसट ठिपका. डीलरला विचारलं, त्याने सही दाखवून भाव सांगितला, मी घासाघीस न करता तेवढे पैसे दिले. माझ्या विकलेल्या नोटेपेक्षा ही खालच्या प्रतीची. आता ती पॉलिस्टरच्या पाकिटात आहे, सोबत एक चिठ्ठी: कुठे घेतली, कधी घेतली, कुणाची सही, किती दिवस तो माणूस त्या खुर्चीत होता.